दर गणपतीत लोगो फाटतो: बिघाड कुठे असतो आणि दुरुस्ती काय

श्रावण संपत आला की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या खोलीवजा ऑफिसात एकाच जातीचे फोन सुरू होतात. मंडळाच्या पोरांनी दुकानांतून जाहिराती गोळा केलेल्या असतात, कमानीचा फ्लेक्स रातोरात मशीनवर चढवायचा असतो, आणि फ्लेक्सवाला अडून बसलेला असतो, "भाई, आ तो फाटी जशे. ओपन फाइल आपो ने!" (म्हणजे हा फाटणार, मूळ, बदल करता येणारी फाइल द्या.) पोरं दुकानदाराला विचारतात, दुकानदार भाच्याला, भाचा मला. मी विचारतो, "लोगोची फाइल कुठे आहे?" उत्तर ठरलेलं असतं, "व्हॉट्सअ‍ॅपवर आहे की."

गणपती झाले की नवरात्रीचे गरब्याचे पास, मग दिवाळीचे बॉक्स, मग कुणाच्या तरी टेम्पोवरचं रेडियम. बडोद्यात छापायला निमित्त कमी पडत नाही, आणि दर निमित्ताला तीच फाइल तशीच फाटते. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

गेल्या वर्षीचं उदाहरण घेतो. आमच्या गल्लीतल्या एक काकू (नात्याच्या नाहीत, पण सगळ्या गल्लीच्या काकू) गोडा मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी करून विकतात. लोगो सुरेख आहे: काळ्या खलबत्त्याचं रेखाचित्र, भोवती लाल कड, खाली देवनागरीत नाव आणि त्याखाली बारीक गुजरातीत तेच नाव. मंडळाच्या कमानीवर त्यांना चार फूट रुंद जागा मिळाली. फाइल होती ५०० पिक्सेल, म्हणजे ५०० ठिपके, रुंद. चार फूट म्हणजे साधारण १२२० मिलिमीटर. भागाकार करा: एकेक पिक्सेल जवळजवळ अडीच मिलिमीटरचा चौकोन झाला, मोहरीच्या दाण्याहून मोठा. खलबत्ता पाण्याच्या टाकीसारखा दिसत होता आणि बत्त्याच्या कडेला जिन्यासारख्या पायऱ्या पडल्या होत्या. काकू कमानीखाली उभ्या राहून म्हणाल्या, "अरे, माझ्या फोनात तर चांगला दिसतो!"

फोनात दिसणारच. तिथे लोगो दोन इंचांचा असतो, त्याला ५०० पिक्सेल पोटभर होतात. व्हिजिटिंग कार्डावरही चालून गेलं असतं: छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ५०० पिक्सेलांत सुमारे सव्वाचार सेंटिमीटर रुंदीचा लोगो स्वच्छ येतो. त्यापुढे ताणलं की फाटायला लागतो.

फाटतो म्हणजे काय होतं

जेपीजी आणि पीएनजी या दोन्ही ठिपक्यांच्या फाइली. ठिपके मोजून भरलेले असतात. चित्र मोठं केलं तर नवे ठिपके येत नाहीत, आहेत तेच फुगतात. व्हेक्टर फाइलीत ठिपके नसतात, तिथे नुसती कृती लिहिलेली असते: इथून इथे रेघ, इथे एवढं वळण, आत हा रंग. शिक्क्याएवढं सांगा नाहीतर कमानीएवढं, मशीन ती कृती त्या मापात पुन्हा करतं. सीडीआर (कोरलड्रॉ या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरची), एआय (इलस्ट्रेटर या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरची), एसव्हीजी, ईपीएस या व्हेक्टरच्या फाइली. पीडीएफमध्ये दोन्ही राहू शकतं, त्यामुळे नुसतं नाव बघून भरवसा ठेवू नका.

व्हेक्टरवरून जेपीजी मिनिटात निघते. उलटं होत नाही. दुधाचं ताक होतं, ताकाचं दूध करता येत नाही. आपल्या बहुतेक दुकानदारांच्या घरी मात्र ताकच असतं, तेही पाणी घालून वाढवलेलं. कारण जेपीजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येकातला बारीकसा तपशील टाकून देते. माणसांच्या फोटोत ते डोळ्याला कळत नाही. लोगोत सपाट रंगाला लागून तीक्ष्ण कड असते, तिथे लगेच कळतं: अक्षरांभोवती राखाडी धुरळा जमतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की चित्र आणखी दाबलं जातं, त्याचा स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवला की परत एकदा. काकूंची फाइल किती हात फिरून आली होती देव जाणे.

यावर लोक जे उपाय करतात ते सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. फाइलीच्या शेवटचं जेपीजी खोडून पीएनजी लिहितात. जेपीजी कोरलमध्ये ओढून टाकतात आणि सीडीआर म्हणून सेव्ह करतात. ७२ डीपीआयच्या (इंचाला किती ठिपके त्या आकड्याच्या) जागी ३०० टाइप करतात. डब्यावर साजूक तूप लिहिलं म्हणून आतलं वनस्पती साजूक होतं का? तिसऱ्या उपायात तर सॉफ्टवेअर मधले पिक्सेल अंदाजाने भरतं, आणि फाटलेलं चित्र आता धूसर दिसतं, एवढाच फरक.

आधी तपासा: हातातली फाइल व्हेक्टर आहे का

पीडीएफ असेल तर उघडा आणि ६४०० टक्क्यांपर्यंत झूम करा. अक्षराची कड सुरीने कापल्यासारखी राहिली तर व्हेक्टर. चौकोन दिसले किंवा धूर दिसला तर आत जेपीजी बसलेली आहे. कोरलमध्ये लोगोवर क्लिक करून खालच्या पट्टीत बघा. बिटमॅप असं लिहून आलं की शोध संपला. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-वाय दाबा. खऱ्या लोगोचा रेघांचा सांगाडा दिसतो, खोट्या लोगोचा नुसता एक चौकोन. यातलं काहीच नसेल तर इंकस्केप नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एसव्हीजी आणि पीडीएफ तपासायला तेवढं पुरे.

पांढरं ठिगळ

हे लवकर उरकतो. जेपीजीला पारदर्शक पार्श्वभूमी ठाऊकच नाही. पिवळ्या फ्लेक्सवर लोगोमागे पांढरा चौकोन आला तर पाठवलेली फाइल जेपीजी होती, किंवा पीएनजी होती पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून गेली आणि वाटेत जेपीजी झाली. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जशीच्या तशी पोहोचते. आणि आपलाच लोगो गुगलवरून उतरवू नका. एका गिऱ्हाइकाने उतरवलेल्या 'पारदर्शक' चित्रात मागचे राखाडी-पांढरे चौकटे चित्राचाच भाग होते. ते चौकट्यांसकट छापून आले. बुद्धिबळाच्या पटावर फरसाण ठेवल्यासारखं दिसत होतं.

अक्षरं बदलली, वेलांटी पळाली

आपल्या गावात हा रोग फाटण्याइतकाच आहे, कारण इथे एकाच पाटीवर देवनागरी, गुजराती आणि इंग्रजी अशा तीन लिप्या नांदतात. काकूंच्या बिलबुकाचं बघा. मी सीडीआर दिली, रावपुऱ्यातल्या छापखान्यात ती उघडली, आणि 'मेतकूट'च्या जागी इंग्रजी अक्षरं, अर्धविराम आणि कंस यांची मिसळ उमटली. युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःची जागा देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टांमध्ये देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. तो फॉन्ट समोरच्या संगणकात नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोड फॉन्ट असेल तर एवढा गोंधळ होत नाही, पण दुसराच फॉन्ट बसतो आणि शिरोरेघेची जाडी बदलते. सॉफ्टवेअर फार जुनं असेल तर जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी भलत्या अक्षराला जाऊन चिकटते.

औषध एकच: कर्व्ह करणं. कोरलमध्ये अक्षरं निवडून कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ. अक्षरांचं अक्षरपण संपतं, नुसते आकार उरतात. मग समोर कुठलाही फॉन्ट असो वा नसो. पण कर्व्ह केलेल्या अक्षरात नंतर काना-मात्रा सुधारता येत नाही. म्हणून कर्व्ह करण्याआधीची एक प्रत वेगळी ठेवायची आणि फॉन्टचं नाव तिच्याजवळच लिहून ठेवायचं. मी एकदा ठेवली नव्हती. 'दिवाळी'तली पहिली वेलांटी दुसरी छापली गेली होती, आणि ती बदलायला मला हाताने वेलांटी कोरावी लागली.

सगळं कर्व्ह झालंय की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. पीडीएफ काढा, तिच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादी बघा. यादी रिकामी असली पाहिजे. एखादं नाव दिसलं तर कुठेतरी एक ओळ राहिली आहे, बहुतेक वेळा पॉवरक्लिपच्या (कोरलमध्ये एका आकारात दुसरं चित्र बसवतात त्याच्या) आत.

फाइल उघडतच नाही अशीही तक्रार येते. नव्या कोरलची फाइल जुन्या कोरलला उघडत नाही, आणि कितीतरी छापखान्यांत बसलेलं कोरल वर्षानुवर्षं तेच असतं. देण्याआधी व्हर्जन विचारा, सेव्ह करताना खालचं व्हर्जन निवडा, आणि सोबत पीडीएफ द्याच.

कड कधी जाड, कधी दोऱ्यासारखी

काकूंच्या खलबत्त्याभोवतीची लाल कड कार्डावर एवढी जाडजूड आली की खलबत्ता फ्रेममध्ये घालून भिंतीला टांगल्यासारखा वाटला. फ्लेक्सवर तीच कड शोधावी लागत होती. रेघेची जाडी पॉइंटांत ठरवलेली होती आणि 'स्केल विथ ऑब्जेक्ट'वर खूण नव्हती. लोगो लहान-मोठा झाला, रेघ होती तेवढीच राहिली. खूण करून चालतं, पण पुढच्या माणसाच्या हातात काय होईल सांगता येत नाही. मी कोरलमध्ये सरळ कंट्रोल-शिफ्ट-क्यू दाबून रेघेचाच आकार करून टाकतो. मग ती लोगोबरोबरच वाढते आणि लोगोबरोबरच लहान होते.

रंग मेला

पडदा लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशातून रंग दाखवतो; छपाईत निळसर सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया एकमेकींवर पडतात. पडद्यावरचा झगझगीत पोपटी किंवा निऑन गुलाबी या चार शायांतून निघतच नाही, छापखाना कितीही चांगला असो. त्यामुळे लोगोचा रंग ठरवताना शाईपासून सुरुवात करा. काकूंचा लाल मी मॅजेंटा १०० टक्के, यलो (पिवळी) १०० टक्के असा बांधून टाकला. कुंकवाच्या जवळ जातो आणि कुठल्याही ऑपरेटरला तोंडी सांगता येतो. काळा मात्र नुसता काळ्या शाईचा, के १०० (के म्हणजे काळी शाई). चारही शाया मिसळलेला काळा बारीक गुजराती अक्षरांना दिला आणि प्लेट केसभर सरकली की अक्षराच्या कडेला लाल-निळी झालर दिसते.

(जाता जाता: रंगागणिक वेगळा ठसा ही भानगड आपल्या गावाला नवी नाही. राजा रविवर्म्याने चित्रांच्या ओलिओग्राफ (तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील) प्रती काढाव्यात असं सुचवणारे सर टी. माधवराव बडोद्याचे दिवाण होते, आणि त्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा. लोगोत सात छटा मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी हे ऐकवतो. उपयोग होत नाही.)

मूळ फाइल घरात नसेल तर

लगेच नवा लोगो काढायला बसू नका, आधी चौकशी करा. ज्याने लोगो केला त्याला विचारा. तो मुलगा कॅनडाला गेला असेल तर पहिलं कार्ड किंवा बिलबुक ज्या छापखान्यात छापलं तिथे जा. ऑफसेटवाले जुन्या सीडीआर सहसा पुसत नाहीत. काकूंचा खलबत्ता रावपुऱ्यातल्या एका जुन्या हार्ड डिस्कमध्ये, एका लग्नपत्रिकेच्या फोल्डरात सापडला. जुन्या पत्रकाची पीडीएफ मिळाली तर तीही उघडून बघा, तिच्या पोटात व्हेक्टर असू शकतो.

काहीच नाही मिळालं तर लोगो परत काढून घ्या. सॉफ्टवेअरमधलं ऑटो-ट्रेस एका क्लिकमध्ये काम करतं असं वाटतं, आणि साध्या, मोठ्या, दोन रंगी आकाराला चालतंही. देवनागरी अक्षरांवर ते वापरू नका. गाठी गोल होतात, शिरोरेघ लाटेसारखी होते, आणि जिथे दहा बिंदू पुरले असते तिथे तीनशे पडतात. रेडियम कापणारी सुरी त्या प्रत्येक बिंदूवर अडखळते. अक्षरं फॉन्ट शोधून बसवावीत, चित्र पेन टूलने हाताने काढावं.

नवीन लोगो करून घेत असाल तर पैसे देतानाच ओपन फाइल मागा आणि हक्क तुमच्या नावावर केल्याचं दोन ओळींत लिहून, सही घेऊन ठेवा. कॉपीराइटचं हस्तांतर आपल्या कायद्यात लेखी आणि सहीनिशीच ग्राह्य धरतात. ओळखीतला मुलगा असला तरी घ्या. ओळखीतल्याकडून तर आधी घ्या.

फोल्डर असा लावा

काकूंच्या भाच्याच्या लॅपटॉपवर लोगो फायनल, लोगो फायनल नवा, लोगो फायनल नवा खरा अशा चौदा फाइली होत्या. त्यातल्या अकरा एकच होत्या. मी चार कप्पे केले. पहिला मूळ: यात अक्षरं जिवंत असलेली फाइल आणि फॉन्ट, हा कप्पा कुणालाही पाठवायचा नाही. दुसरा छपाईचा: कर्व्ह केलेली, सीएमवायके (त्या चार शायांच्या) रंगांतली पीडीएफ आणि खालच्या व्हर्जनची सीडीआर. तिसरा पडद्याचा: आरजीबी (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या) रंगांतल्या पारदर्शक पीएनजी, एक रुंद आणि एक चौकोनी, आणि वेबसाइटसाठी एसव्हीजी. चौथा एकरंगी: पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा. हा चौथा कप्पा कुणाकडेच नसतो आणि सगळ्यात जास्त तोच मागतात.

फाइलीचं नाव इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवा. जुन्या मशीनवर देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. नावात रंग आणि माप असू द्या, फायनल हा शब्द नको. एक प्रत ड्राइव्हवर, एक पेनड्राइव्हमध्ये. बिलाच्या सॉफ्टवेअरला लोगो जोडला असेल तर ती फाइल नंतर हलवू नका. बरीचशी सॉफ्टवेअरं चित्र पोटात घेत नाहीत, फक्त पत्ता लक्षात ठेवतात. भाच्याने फोल्डर आवरला आणि दुसऱ्या दिवशीपासून बिलं बिनलोगोची निघायला लागली.

कुणाला काय द्यायचं

फ्लेक्सवाल्याला पीडीएफ द्या, त्याच्या मशीनला टिफ (छपाईची ठिपक्यांची फाइल) लागत असेल तर तो स्वतः काढेल. स्वतःच काढून द्यायची वेळ आली तर लांबून बघायच्या फ्लेक्सला इंचाला ७२ पिक्सेल पुरतात. ३०० धरून केलेली दहा फुटी फाइल त्याच्या संगणकालाच गुदमरवते. रेडियम आणि ग्लो साइनला एकरंगी व्हेक्टर, कारण सुरीला रंग कळत नाही, फक्त कड कळते. शिक्केवाल्याला पूर्ण काळा. खलबत्त्यातल्या बारीक छटा शिक्क्यात शाईने भरून जातात, त्या आधीच काढून टाका. टी-शर्टवर भरतकाम असेल तर त्याला टाक्यांची वेगळी फाइल लागते, ती भरतकामवालाच बनवतो. तुम्ही व्हेक्टर द्या आणि पाच मिलिमीटरपेक्षा बारीक अक्षरं नकोत असं सांगा, नाहीतर दोऱ्याची गाठ येईल. पारदर्शक पाऊचवर रंगाखाली पांढऱ्या शाईचा थर लागतो. तो सांगायला विसरलो तर लाल रंगातून भाजणी दिसते, आणि भाजणीच्या रंगावर लाल कसा दिसतो ते मी बघितलं आहे.

व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामचा प्रोफाइल फोटो गोल कापला जातो, म्हणून तिथे चौकोनी फाइलीत चारही बाजूंनी जागा सोडलेला नुसता खलबत्ता. नाव तिथे तसंही वाचता येत नाही.

यंदाच्या कमानीला पोरांनी फोन केला तेव्हा काकूंनी छपाईच्या कप्प्याची लिंक पाठवली आणि मला कुणी उठवलंसुद्धा नाही. सकाळी सूरसागर तलावाकडे जाताना वर बघितलं. बत्त्याची कड धारदार, लाल नेमका, वेलांट्या जागच्या जागी. आणि खलबत्त्याखाली, तितक्याच स्वच्छ अक्षरांत, काकूंचा जुना लँडलाइन नंबर, जो त्यांनी दोन वर्षांपूर्वी बंद केला. रावपुऱ्याहून आणलेल्या फाइलीत तो लोगोलाच जोडलेला होता आणि मी त्याच्यासकट सगळं कर्व्ह करून ठेवलं होतं. फ्लेक्सवाल्याकडून नव्या नंबराची पट्टी छापून घेतली, शिडी मागवली, पट्टी चिकटवली. मग ऑफिसात येऊन चारही कप्प्यांतल्या प्रत्येक फाइलीतून नंबर, पत्ता आणि 'आमची दुसरी शाखा नाही' ही ओळ काढून टाकली.